घराच्या व्यवहारासाठी वकील निवडताना

वकिलाला पहिला प्रश्न फीचा विचारू नका. ‘माझं काम प्रत्यक्ष कोण बघणार?’ हे विचारा. बोलणी ज्येष्ठ वकिलाशी होतात आणि फाइल मात्र नवख्या सहायकाच्या टेबलावर जाते, असं सर्रास घडतं. त्यात वाईट काही नाही, पण कागदावर शेवटची नजर कोणाची आणि अडलं तर फोन कोणाला करायचा, हे आधीच कळलेलं बरं.

विकणाऱ्याचा किंवा दलालाचा ‘नेहमीचा’ वकील खरेदीदाराने शक्यतो टाळावा. तो माणूस चांगला असेलही. पण मालकीहक्कात खोट निघाली, जुनं कर्ज फिटलेलं नसलं किंवा एखाद्या वारसाची सही राहिली असली, तर ‘थांबा, पैसे देऊ नका’ असं सांगणारा माणूस फक्त तुमच्या बाजूचा हवा. व्यवहार पार पडण्यात ज्याचा फायदा, त्याने सुचवलेल्या माणसाला हे सांगणं जड जातं.

फी लेखी घ्या. त्यात मालकीचा शोध, कराराचा मसुदा, नोंदणी यातलं काय धरलंय, सरकारी शुल्क वेगळं आहे का आणि व्यवहार फिसकटला तर किती द्यायचं, हे स्पष्ट हवं. वकिलीची सनद चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

आणि हे सगळं इसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देण्याआधी. सही झाल्यावर वकील गाठला, तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.