एकाच नावाच्या ऐतिहासिक व्यक्ती वेगळ्या कशा ओळखाव्यात

१७३१ सालच्या वारणेच्या तहाविषयी वाचताना ‘शाहू आणि संभाजी यांच्यात तह झाला’ असे वाक्य समोर आले, तर नवखा वाचक क्षणभर थबकतो. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या १६८९ मध्ये झाली. मग बेचाळीस वर्षांनंतर तह करणारे हे संभाजी कोण? ते राजाराम महाराजांचे पुत्र आणि कोल्हापूरच्या गादीचे छत्रपती होत. म्हणजे तहाच्या एका बाजूला असलेल्या शाहू महाराजांच्या वडिलांचे जे नाव, तेच दुसऱ्या बाजूला असलेल्या त्यांच्या चुलतभावाचे होते. येथे सन दिलेला असल्यामुळे शंका येते आणि चूक टळते. सन नसलेल्या कागदात, शिलालेखात किंवा ग्रंथाच्या समाप्तीच्या ओळीत असेच नाव आले, तर काय करावे, याची पद्धत येथे मांडली आहे. स्थानिक इतिहास, घराण्याचा इतिहास किंवा चरित्रकोशातील नोंद लिहू पाहणाऱ्या कोणालाही ती वापरता येईल.

पहिली गोष्ट अशी की, नाव वाचताच व्यक्ती ओळखली असे मानू नये. जेथे जेथे ते नाव येईल, तेथील प्रत्येक उल्लेखासाठी स्वतंत्र टिपण करावे. त्यावर नाव मूळ साधनात जसे लिहिले आहे तसेच, पदव्या व उपनामांसह उतरवावे. ते साधन कोणते आणि केव्हाचे आहे, सांगितलेला प्रसंग कोणत्या काळातील व कोठला आहे, सोबत कोणते आप्त, गुरू, स्वामी किंवा शत्रू उल्लेखिले आहेत आणि त्या व्यक्तीचे पद किंवा व्यवसाय काय आहे, हे लिहावे. नावाखेरीज किमान दोन धागे एकमेकांवर अवलंबून नसताना जुळले, तरच दोन टिपणे एका व्यक्तीची मानून एकत्र ठेवावीत. ‘एकमेकांवर अवलंबून नसताना’ हे महत्त्वाचे आहे, कारण एका ग्रंथाने दुसऱ्यातून उतरवून घेतलेली माहिती दोन ठिकाणी दिसली तरी पुरावा एकच असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. वेगळी ठेवलेली दोन टिपणे पुढे पुरावा मिळाल्यावर क्षणात जोडता येतात, पण एकदा दोन माणसांची माहिती एका चरित्रात मिसळली की कोणता तपशील कोणाचा, हे शोधणे फार कठीण होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण डायोनिसियस या नावाचे आहे. बायबलच्या नव्या करारात, पहिल्या शतकात अथेन्समध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉल याचे भाषण ऐकून ख्रिस्ती झालेल्या एका डायोनिसियसचा उल्लेख येतो. दुसरा डायोनिसियस, ज्याला सेंट डेनिस म्हणून ओळखतात, तो तिसऱ्या शतकातील पॅरिसचा बिशप होता. तिसरा साधारण इ. स. ५०० च्या सुमारास ग्रीक भाषेत गूढवादी ग्रंथ लिहिणारा लेखक होता आणि त्याने ते पहिल्या डायोनिसियसच्या नावावर लिहिले. नवव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचा प्रमुख हिल्डुइन याने या तिघांना एकत्र करून एकच चरित्र रचले. पॅरिसचा संत हा प्रत्यक्ष पॉलचा शिष्य ठरला, त्यामुळे मठाचे माहात्म्य वाढले. बाराव्या शतकात तत्त्वज्ञ आबेलार याला त्याच मठात राहत असताना या कथेशी न जुळणारा एक जुना उल्लेख सापडला. तो त्याने बोलून दाखवताच मठवासी त्याच्यावर इतके संतापले की त्याला तेथून निघून जावे लागले. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाल्ला याने ग्रंथांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेतली आणि अखेर १८९५ मध्ये दोन जर्मन अभ्यासकांनी त्या ग्रंथांतील मजकूर पाचव्या शतकातील लेखनावर आधारलेला असल्याचे दाखवले. एका चरित्रकाराने मारलेली गाठ सोडवायला हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

काळाची कसोटी सर्वांत आधी लावावी, कारण ती बहुतेक शंका तिथल्या तिथे मिटवते. मगधात मौर्य सत्ता स्थापन करणारा चंद्रगुप्त इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस राज्यावर आला, तर गुप्त घराण्यातील पहिला चंद्रगुप्त इ. स. ३२० च्या सुमारास; दोघांत सुमारे सहा शतकांचे अंतर आहे. तरीही ‘चंद्रगुप्त’ एवढ्याच नावाने दोघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या आढळतात. ‘आर्यभटीय’ रचणारा आर्यभट इ. स. ४७६ मध्ये जन्मला; ‘महासिद्धान्त’ लिहिणारा आर्यभट दहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. भास्कर नावाचे दोन गणितज्ञही असेच आहेत. पहिल्याने इ. स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले. दुसरा भास्कराचार्य आपला जन्मशक स्वतःच सांगतो: ‘रसगुणपूर्णमही’. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही एक; हे आकडे उलट क्रमाने लावले की शके १०३६ येतात. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचल्याचेही तो त्याच श्लोकात नोंदवतो, म्हणजे तो ग्रंथ शके १०७२ चा. ग्रंथकाराने इतके स्पष्ट सांगून ठेवलेले असते तेव्हा अभ्यासकाचे काम फार सुखाचे होते. मात्र शकात ७८ मिळवल्याशिवाय इसवी सन मिळत नाही, हे विसरू नये. शके १०३६ हे वर्ष कोणी इ. स. १०३६ म्हणून उतरवले, तर एका माणसाची दोन जन्मवर्षे तयार होतात आणि पुढचा लेखक त्यातून दोन माणसे निर्माण करतो. शंकास्पद सन दिसला की तो कोणत्या गणनेतील आहे, हे आधी ठरवावे.

काळ एक असेल तेव्हा कसोटी अवघड होते. अशा वेळी नाती, स्थळ आणि पद यांकडे वळावे. थोरला प्लिनी आणि धाकटा प्लिनी हे मामा-भाचे होते. मामाने सृष्टीविषयीचा विशाल ज्ञानकोश लिहिला आणि इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्याचा अंत झाला. भाच्याने एका पत्रात त्या मृत्यूचे सविस्तर वर्णन केले आहे. एवढा सरळ पुरावा असूनही मध्ययुगात दोघांची एकच व्यक्ती करण्यात आली होती आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी व्हेरोना येथील जिओव्हानी नावाच्या धर्माधिकाऱ्याने या दोन प्लिनींवर एक छोटे टिपण लिहून त्यांना पुन्हा वेगळे केले. मला हे टिपण फार मोलाचे वाटते. त्यात नवीन शोध असा नव्हता. जे वाक्य सर्वांच्या हाती होते, ते नीट वाचणे एवढेच त्याने केले. एखाद्या लेखकाच्या लेखनात त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा उल्लेख तृतीय पुरुषात येतो का, हे म्हणूनच मुद्दाम पाहावे. घराण्याची वंशावळ हाताशी असल्यास आजोबा-नातू या जोड्या आधी तपासाव्यात, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल अनेक समाजांत आहे. पहिले बाजीराव पेशवे (१७००–१७४०) आणि दुसरे बाजीराव (१७७५–१८५१) यांचे नाते हेच आहे.

समकालीनांपैकी काही जण स्वतःच हा प्रश्न सोडवून ठेवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विन्स्टन चर्चिल या नावाचे दोन लेखक होते, एक अमेरिकन कादंबरीकार आणि दुसरा पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. त्या वेळी अमेरिकन लेखक अधिक प्रसिद्ध होता. १८९९ मध्ये ब्रिटिश चर्चिलने त्याला पत्र लिहून आपण आपल्या नावात ‘स्पेन्सर’ घालू असे कळवले आणि तेव्हापासून त्याच्या पुस्तकांवर ते नाव किंवा त्याचे आद्याक्षर दिसते. मधले नाव, वडिलांचे नाव, आद्याक्षर या गोष्टी नक्कल करताना गाळू नयेत, याचे कारण हेच आहे. माणसाने जाणीवपूर्वक ठेवलेली खूण आपण पुसून टाकू.

नाव आणि उपाधी यांत गल्लत होणे हा याहून सूक्ष्म प्रकार आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा शिलालेखांत ‘देवानंपिय पियदसी’ राजा भेटला. त्याला प्रथम तो सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स वाटला, कारण ‘देवानंपिय’ ही त्याचीही उपाधी होती. जॉर्ज टर्नर याने पाली इतिहासग्रंथांच्या आधारे पियदसी म्हणजे अशोक असल्याचे दाखवले, आणि १९१५ मध्ये मस्की येथे सापडलेल्या लेखात अशोक हे नाव प्रत्यक्ष आढळले. ‘विक्रमादित्य’ हे बिरुदही असेच आहे: गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने ते धारण केले आणि कल्याणीच्या चालुक्यांतील सहाव्या विक्रमादित्याने १०७६ पासून राज्य केले. तेव्हा एखादे नाव अनेक राजांना लागलेले दिसले की ते बिरुद आहे का, हे आधी विचारावे, आणि बिरुद असल्यास त्यावरून व्यक्ती ठरवण्याचा प्रयत्नच करू नये.

‘पहिला’, ‘दुसरा’, ‘थोरले’, ‘सवाई’ ही विशेषणे उपयोगी आहेत, परंतु ती आंधळेपणाने वापरू नयेत. राजांचे क्रमांक बहुधा मागाहून पडतात, आणि एकाच माणसाला दोन क्रमांक असू शकतात: स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा पहिला जेम्स झाला, तर स्पेनचा पहिला चार्ल्स हा पवित्र रोमन साम्राज्याचा पाचवा चार्ल्स होय. येथे दोन नोंदी दिसल्या तरी माणूस एकच आहे, म्हणजे चूक उलट दिशेनेही होऊ शकते. पोपांच्या यादीत विसावा जॉन नाहीच, कारण मध्ययुगात मोजणीत चूक झाली. आणि १४१० ते १४१५ या काळात तेविसावा जॉन म्हणवणारा एक दावेदार होऊन गेला असूनही १९५८ मध्ये निवडून आलेल्या पोपने तोच क्रमांक घेतला, कारण आधीचा दावेदार अधिकृत मानला गेला नाही.

याच गोष्टीचा कागद पारखण्यासाठीही उपयोग होतो. १७४० मध्ये निवर्तलेल्या पेशव्यांना ‘थोरले बाजीराव’ म्हणण्याची गरज त्यांच्या नातवाच्या काळापर्यंत पडणे शक्य नव्हते. तेव्हा १७३५ चा म्हणून दाखवलेल्या पत्रात असा शब्दप्रयोग आढळला, तर ती उशिराची नक्कल आहे किंवा मजकूर बदललेला आहे, असे समजून पुढे जावे.

ग्रंथ आणि कवने यांच्या बाबतीत आणखी एक सवय लावून घ्यावी. एकाच नावाच्या दोघांपैकी जो अधिक प्रसिद्ध, त्याच्याकडे दुसऱ्याचे लेखन आपोआप ओढले जाते. म्हणून प्रसिद्ध व्यक्तीच्या नावावरील रचनेची तपासणी अधिक कडक असावी. संत नामदेव (१२७०–१३५०) आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांचे अभंग गाथ्यांच्या प्रतींत मिसळले गेले. ते वेगळे करताना मुद्रिका, म्हणजे अभंगाच्या अखेरीस येणारे कवीचे नाव, पाहावी लागते, पण केवळ ‘नामा म्हणे’ पुरत नाही. भाषेचे जुनेपण, आलेल्या व्यक्तींचे उल्लेख आणि ते कवन सर्वांत जुन्या कोणत्या हस्तलिखितात मिळते, हे तिन्ही एकत्र पाहावे. बौद्ध तत्त्वज्ञानातील माध्यमिक दर्शनाचा आचार्य नागार्जुन साधारण दुसऱ्या शतकातला, तर रसशास्त्राचा, म्हणजे पारा व धातूंच्या विद्येचा, नागार्जुन कित्येक शतकांनंतरचा. तिबेटी परंपरेने दोघांना एक मानले आणि त्याला सुमारे सहाशे वर्षांचे आयुष्य दिले. चरित्रात अशक्य दीर्घायुष्य, एकाच वर्षी दोन दूरच्या ठिकाणी वास्तव्य किंवा परस्परांशी मुळीच न जुळणारे दोन व्यवसाय दिसले, की तेथे दोन माणसे एकत्र आली असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. चित्रेही फसवतात: दुसऱ्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीला मध्ययुगीन चित्रकारांनी मुकुट घातला, कारण ईजिप्तच्या राजघराण्याचे नाव तेच होते.

आज शोधयंत्र एका नावाखाली एकाचा फोटो आणि दुसऱ्याची जन्मतारीख सहज दाखवते, त्यामुळे तेथील चौकटीतील माहिती टिपणावर घेऊ नये. त्याऐवजी मोठ्या ग्रंथालयांच्या लेखकनोंदी पाहाव्यात. त्यांत नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे देऊन सारख्या नावांचे लेखक वेगळे केलेले असतात. लेखकांची ओळख पटवणारा आयएसएनआय हा सोळा अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक दिवंगत लेखकांनाही दिला जातो, तर ऑर्किड हा क्रमांक संशोधक स्वतःच नोंदवतात, त्यामुळे तो हयात लेखकांपुरता उपयोगी आहे.

शेवटी लिहिताना काय करावे, ते सांगतो. पहिल्या उल्लेखात नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि ओळखीची एक खूण द्यावी. ‘शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले’ आणि ‘शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण पहिले साताऱ्याच्या छत्रपती शाहूंविषयी (१६८२–१७४९) आणि दुसरे कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंविषयी (१८७४–१९२२) आहे, हे वाचकाला वाक्यातूनच कळले पाहिजे. दोघेही एकाच लेखात येत असतील, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी खूण पुन्हा द्यावी आणि नुसते ‘महाराज’ लिहिणे टाळावे. सूचीमध्ये त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवून प्रत्येकीत दुसऱ्या नोंदीकडे निर्देश करावा. सर्व प्रयत्नांनंतरही एखादा उल्लेख कोणाचा हे ठरले नाही, तर तो कोणत्याही चरित्रात घालू नये. ‘या नावाची आणखी एक व्यक्ती’ अशी तिसरी नोंद करून तिच्याखाली साधनाचे नाव व पृष्ठ लिहून ठेवावे.