घरच्या घरी कॅरॅमल फ्रॉस्टिंग: साखर किती जाळावी आणि बटर किती थंड असावे

कॅरॅमल फ्रॉस्टिंगची चव बटरवर किंवा व्हॅनिलावर नव्हे, तर आपण साखर कोणत्या क्षणी गॅसवरून उतरवतो यावर ठरते. घरी केलेले फ्रॉस्टिंग पुष्कळदा नुसतेच गोड लागते, कारण साखर फिकट सोनेरी झाली की ती करपेल या भीतीने पातेले लगेच खाली उतरवले जाते. त्या टप्प्यावर साखरेला रंग आलेला असतो, पण चव फारशी आलेली नसते. पुढे त्यात क्रीम, बटर आणि आयसिंग शुगर मिसळायची असल्यामुळे हे कॅरॅमल नुसते खाण्यासाठी करतो त्यापेक्षा एक छटा गडदच असायला हवे.

आठ इंची, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाच्या, दोन थरांच्या केकला पुढील प्रमाण पुरते. कॅरॅमलसाठी 200 ग्रॅम साखर, 60 मिलिलिटर पाणी, लिंबाच्या रसाचे पाच-सहा थेंब, 120 मिलिलिटर फ्रेश क्रीम आणि 60 ग्रॅम बटर घ्यावे. फ्रॉस्टिंगसाठी 225 ग्रॅम बटर, 225 ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, पाव चमचा मीठ आणि एक चमचा व्हॅनिला इसेन्स लागतो. तयार झालेल्या कॅरॅमलपैकी सुमारे 200 ग्रॅम फ्रॉस्टिंगमध्ये जाते आणि उरलेले दोन थरांमध्ये पसरण्यासाठी किंवा केकच्या कडेवरून ओघळ सोडण्यासाठी उपयोगी पडते. वाटी-चमच्याच्या मापाने हे काम जमते, पण वजनकाटा असेल तर तोच वापरावा.

बटर बिनमिठाचे घ्यावे. नेहमीचे पिवळे टेबल बटर खारवलेले असते. कॅरॅमलमधल्या 60 ग्रॅमसाठी ते चालते, किंबहुना त्या मिठाने चव उठते, पण फ्रॉस्टिंगचे सगळे 225 ग्रॅम तेच घातले तर ते खारट होते. दुसरे मिळालेच नाही तर निम्मे-निम्मे घेऊन वरचे मीठ वगळावे. घरी ताक घुसळून काढलेले लोणी मात्र येथे वापरू नये. त्यात ताकाचा आंबटपणा आणि पाण्याचा अंश राहतो आणि त्या पाण्यामुळे फेटलेले मिश्रण फाटते. त्याचप्रमाणे दुधावरची साय पाकिटातल्या क्रीमऐवजी घालू नये, कारण तिच्या गुठळ्या गरम साखरेत विरघळत नाहीत.

पातेले जाड बुडाचे, उंच आणि आतून चकचकीत स्टीलचे असावे. काळ्या नॉनस्टिक भांड्यात किंवा लोखंडी कढईत साखरेचा रंग दिसत नाही आणि येथे तर सगळा निर्णय रंगावरच घ्यायचा असतो. उंचीचा आग्रह अशासाठी की क्रीम घातल्यावर मिश्रण एकदम उसळून वर येते. काम सुरू करण्यापूर्वी क्रीम वाफ येईपर्यंत गरम करून जवळ ठेवावे, बटरचे तुकडे करून ठेवावेत आणि लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे. वितळलेल्या साखरेचे तापमान 170 अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि ती कातडीला चिकटून राहते, त्यामुळे बोट लावून चव पाहण्याचा विचारही करू नये. चुकून भाजलेच तर तो भाग 20 मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये.

आता साखर, पाणी आणि लिंबाचा रस पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवावे आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे. एकदा उकळी फुटली की चमचा बाजूला ठेवावा. उकळत्या पाकात ढवळत राहिले किंवा पातेल्याच्या कडेला साखरेचे कण चिकटून राहिले, तर त्या कणांभोवती नवे स्फटिक जमतात आणि पाहता पाहता सगळा पाक रवाळ होऊन बसतो. यावर उपाय म्हणजे सुरुवातीची दोन मिनिटे पातेल्यावर झाकण ठेवावे, म्हणजे वाफेचे पाणी कडेवरून ओघळून ते कण धुऊन काढते. लिंबाच्या रसाचे कामही हेच आहे: आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विभागला जातो आणि हे दोन्ही घटक साखरेला पुन्हा स्फटिक बांधू देत नाहीत. इतके करूनही पाक रवाळ झालाच तर साखर फेकू नये. थोडे पाणी घालून ती पुन्हा विरघळवावी आणि नव्याने सुरुवात करावी.

लाडवांच्या एकतारी पाकाची आणि वड्यांच्या गोळीबंद पाकाची सवय असलेल्या हाताला पुढचा टप्पा नवा वाटतो, कारण त्या दोन्ही पाकांच्या वेळी साखर अजून रंगहीनच असते. आपल्याला त्याच्या बरेच पुढे जायचे आहे. पाण्याचा अंश संपत आला की बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आणि साधारण 160 अंशांच्या आसपास कडेला पिवळी झाक दिसू लागते. येथून पुढे पातेल्यापासून क्षणभरही हलू नये. आच मंद करावी आणि पातेले हलकेच गोलाकार फिरवून रंग सगळीकडे सारखा पसरू द्यावा. सोनेरी रंगानंतर तांबूस रंग येतो, आणि काचेच्या पेल्यातल्या कोऱ्या चहासारखी गडद तांबूस छटा आली, वास नुसता गोड न राहता किंचित कडसर झाला आणि धुराची अगदी पहिली बारीक रेघ दिसली की गॅस त्याच क्षणी बंद करावा. थर्मामीटर असल्यास 175 ते 180 अंश हा आकडा लक्षात ठेवावा. साखर तापून विघटित होते तसा तिचा गोडवा कमी होत जातो आणि त्या जागी कडवट, खमंग स्वाद तयार होतात. म्हणूनच गडद कॅरॅमल घातलेल्या फ्रॉस्टिंगमध्ये भरपूर आयसिंग शुगर असूनही ते मिट्ट होत नाही. रंगाबद्दल शंका वाटली तर पांढऱ्या बशीत एक थेंब टाकून पाहावा, कारण पातेल्यातला खोल थर नेहमीच खऱ्यापेक्षा गडद दिसतो. मात्र 190 अंशांच्या पुढे साखर काळी पडून करपते, आणि अशी साखर कोणत्याही उपायाने सुधारत नाही. ती टाकून द्यावी.

गॅस बंद केल्यावरही पातेल्याच्या उष्णतेने रंग चढतच राहतो, म्हणून गरम क्रीम ताबडतोब, पण बारीक धारेने घालावे आणि लांब दांड्याच्या चमच्याने ढवळावे. फ्रीजमधले थंड क्रीम ओतल्यास साखरेचे कडक खडे होतात. ते झालेच तर पातेले मंद आचेवर ठेवून मिनिट-दोन मिनिटे ढवळले की खडे विरघळतात. शेवटी बटरचे 60 ग्रॅम तुकडे मिसळून कॅरॅमल काचेच्या भांड्यात काढावे.

यानंतरची पायरी वाट पाहण्याची आहे. पुष्कळांचे फ्रॉस्टिंग याच ठिकाणी बिघडते. बटर 32 ते 35 अंशांना वितळते; त्यामुळे कोमट कॅरॅमलसुद्धा फेटलेल्या बटरमधली सगळी हवा घालवून त्याचे सार करून टाकते. परदेशी पाककृतींमध्ये सगळे जिन्नस खोलीच्या तापमानाला असावेत असे सांगितलेले असते, पण ती खोली वीस-बावीस अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि मुंबईतही बटर ओट्यावर टिकत नाही. म्हणून कॅरॅमल आधी बाहेर निववून मग फ्रीजमध्ये ठेवावे, आणि हाताला थंड लागेल पण चमच्यावरून ओघळेल इतपत झाल्यावर बाहेर काढावे. बटर बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण वर तेलकट चमक दिसू नये.

असे बटर विजेच्या बीटरने पाच मिनिटे, पांढुरके आणि हलके होईपर्यंत फेटावे. आयसिंग शुगर तीन वेळा विभागून घालावी. घरी मिक्सरमध्ये दळलेली साखर वापरायची असेल तर ती मलमलच्या कापडातून गाळून घ्यावी, एरवी फ्रॉस्टिंग दाताखाली कचकच लागते. मग मीठ, व्हॅनिला आणि थंड कॅरॅमल हळूहळू घालून आणखी दोन-तीन मिनिटे फेटावे. मिश्रण सैल वाटले तर आयसिंग शुगर वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने जाळलेल्या साखरेची मेहनत वाया जाते. भांडे पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटावे. याउलट मिश्रण फाटल्यासारखे दाणेदार दिसले तर ते फार थंड झालेले असते. त्यातला चौथा हिस्सा किंचित गरम करून परत मिसळला की ते एकजीव होते.

कडक उन्हाळ्यात केक बाहेर मांडायचाच असेल तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कॅरॅमल केकवर घालतात ती जुनी पद्धत अधिक भरवशाची वाटते. तिच्यात जाळलेली साखर, दूध, बटर आणि आणखी साखर एकत्र शिजवून गोळीबंद पाकापर्यंत, म्हणजे 112 ते 116 अंशांपर्यंत नेतात आणि नंतर वडीच्या मिश्रणासारखे घोटतात. ते बटरच्या नव्हे तर साखरेच्या बारीक स्फटिकांच्या आधारावर घट्ट होते, त्यामुळे उष्णतेला बरेच तग धरते. घोटताना चमक गेली की ते क्षणार्धात आळते, म्हणून केक समोर तयार ठेवूनच घोटायला घ्यावे.

कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा कुकरमध्ये शिजवून कॅरॅमल करण्याची युक्ती अनेक घरांत चालते. ती सोडून द्यावी. डबा फुटण्याचा धोका खरा आहे. शिवाय कुकरमधले तापमान 120 अंशांच्या आसपासच राहते. त्यात साखर जळत नाही, तर दुधातली प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगाने रंग येतो. ती चव दुधाळ आणि सौम्य असते. फ्रॉस्टिंगला हवा असलेला कडसरपणा तिच्यात नसतो. गुळाने काम भागवण्याची कल्पनाही येथे उपयोगाची नाही, कारण गूळ मुळातच तपकिरी असल्याने रंगावरून टप्पा ओळखता येत नाही आणि गरम गुळात दूध-क्रीम फाटण्याची शक्यता असते.

केळ्याचा, अक्रोडाचा, कॉफीचा किंवा जायफळ घातलेला केक या फ्रॉस्टिंगला उत्तम जोडी ठरतो. आधीच फार गोड असलेल्या केकवर ते घालू नये. उरलेले कॅरॅमल हवाबंद बरणीत फ्रीजमध्ये ठेवावे, विशेषतः पावसाळ्यात, कारण जळलेली साखर हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. फ्रॉस्टिंग लावलेला केक फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, पण थंडगार बटर जिभेवर मेणचट लागते. तेव्हा कापण्यापूर्वी तो हवेनुसार अर्धा ते एक तास बाहेर काढून ठेवावा.