झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या राखाडी निघत होत्या, त्यावरचा इलाज

पीव्हीसी पाइपचा ड्रम, दोन रोलर, जुनी मोटर. पुंगळ्या पाण्यात घोळवून साफ करायचा हा घरगुती टंबलर फिरायचा झकास, पण पुंगळ्या निघायच्या राखाडी. स्टीलच्या पिना काजळी सोडवायच्या आणि साबणाचा जोर ओसरला की तीच काजळी पुन्हा पितळेवर बसायची. आता प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) काढून आधी नुसत्या पाण्यात फिरवतो, ते काळं पाणी ओततो, मग भांड्यांचा लिक्विड साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. चिमूटभरच! जास्त झालं की जस्त निघून जातं, पितळेवर गुलाबी डाग उमटतात. अमोनिया तर नकोच, पितळ तडकतं. ड्रम घसरत होता, त्यावर सायकलच्या ट्यूबचे पट्टे चढवले. पाण्यात शिसं उतरतं, हातमोजे घालाच. वाळवण्याआधी प्रत्येक पुंगळी उलटी करून ठोका. बुडाच्या छिद्रात एखादी पिन अडकलेली असतेच.