दोन रंगांची नक्षी आखडली तेव्हा

भाचीच्या स्वेटरला छातीशी नक्षीचा पट्टा घ्यायचं ठरवलं. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल विणीच्या पद्धतीत एका ओळीत दोनच रंग असतात, म्हणून वाटलं सोपं जाईल. 14 ओळी झाल्या आणि पट्टा खालच्या साध्या विणीपेक्षा चांगला दोन बोटं अरुंद! उलटून पाहिलं तर त्या त्या वेळी न विणलेल्या रंगाचे मागून जाणारे आडवे धागे सतारीच्या तारांसारखे ताणलेले. इस्त्रीची वाफ दिली, फरक शून्य.

शेवटी उसवलं. (आई पदराआड हसत होती.) 10 नंबरऐवजी 9 नंबरच्या, म्हणजे किंचित जाड सुया घेतल्या. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके आधी बोटांनी पसरवायचे, मगच दुसरा धागा आणायचा. एक रंग सलग पाच टाक्यांहून जास्त मागेच राहत असेल तिथे तो मागचा धागा मध्येच अडकवून घ्यायचा, नाहीतर घालताना पोरांची बोटं त्यात गुंततात.

तरी पांढरी फुलं निळ्यात बुडालेलीच. कारण भलतंच निघालं. मागे जो धागा खालून धरतो, त्याचे टाके पुढून उठून दिसतात, आणि मी दर ओळीला धागे अदलाबदल करत होते. आता पांढरा कायम खालून. धुऊन सपाट वाळवल्यावर उरलेसुरले टाकेही बसले. बाह्या मात्र साध्याच ठेवल्या.