फुलोऱ्यापूर्वी शेताची पाहणी: मधमाश्यांना असलेले धोके ओळखणे व कमी करणे

पीक फुलोऱ्यावर येण्यास दोन-तीन आठवडे उरले असतील, तर मधमाश्यांच्या दृष्टीने शेत तपासण्याची हीच योग्य वेळ आहे. फुले उमलल्यानंतर घेतलेली काळजी बहुधा अपुरी पडते, कारण तोपर्यंत बांधावरचे तण काढून झालेले असते आणि आंतरप्रवाही कीडनाशक वापरले असल्यास ते झाडाच्या मकरंदापर्यंत व परागकणांपर्यंत पोहोचलेले असते.

ही पाहणी स्वतःच्या बांधापाशी थांबवू नये. युरोपीय मधमाशी चाऱ्यासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. सातेरी माशीचा (पेटीत पाळता येणाऱ्या भारतीय मधमाशीचा) पल्ला त्याहून कमी असतो, तर पोयाच्या (डंख नसलेल्या लहान) माश्या काहीशे मीटरच्या आतच वावरतात. त्यामुळे मधपेटी आपल्या शेतात असली तरी विषबाधा दुसऱ्याच्या शेतातून होऊ शकते. परिसराचा साधा नकाशा काढून कोणते पीक, झाड किंवा तण कधी फुलते, पाणी कुठे आहे आणि फवारणी कोणत्या बाजूला होते, हे त्यावर लिहावे. ज्या आठवड्यांत काहीच फुललेले दिसत नाही, ते माश्यांच्या उपासमारीचे आठवडे समजावेत. विस्तीर्ण एकपीक पद्धतीत फुलोरा संपला की चारा एकाएकी बंद होतो, आणि परागकणांअभावी दुबळी झालेली वसाहत रोगांना, वरोआ कोळ्यांना (माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या परजीवींना) व विषाला लवकर बळी पडते. अशा खंडात फुलतील अशी तीळ, सूर्यफूल, कोथिंबीर किंवा द्विदल आच्छादन पिके बांधालगत लावावीत.

सर्वांत मोठा आणि आपल्या हातात असलेला धोका फवारणीचा आहे. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी (म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल इतके नुकसान होण्याची मर्यादा) ओलांडली आहे का, हे मोजल्याशिवाय फवारणी करू नये, आणि फुलोऱ्यात ती शक्यतो टाळावीच. येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: पीक फुललेले नसले तरी ओळींमधले तण फुललेले असू शकते. फवारणीच्या आदल्या दिवशी सकाळी, ऊन तापू लागताच, ओळीत खाली वाकून पाहावे. तणाच्या फुलांवर माश्या दिसल्या, तर मधमाश्यांच्या दृष्टीने ते शेत फुलोऱ्यातच आहे. आधी ते तण कापून घ्यावे आणि मगच फवारणीचा विचार करावा.

लेबलवरील मधमाश्यांविषयीची सूचना वाचूनच औषध निवडावे. धुरळणीची भुकटी सर्वाधिक घातक असते, कारण ती माशीच्या अंगावरील केसांना चिकटून परागकणांसोबत थेट पेटीत जाते. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडीन व थायामेथोक्झाम या निओनिकोटिनॉइड कीडनाशकांच्या खुल्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. बुरशीनाशक निरुपद्रवी असते, हा समजही सोडावा. प्रोपिकोनॅझोलसारखी काही बुरशीनाशके माशीच्या शरीरातील विष निकामी करण्याची क्षमता घटवतात, त्यामुळे कीडनाशकासोबत एकाच टाकीत मिसळल्यास मिश्रण अधिक जहाल होऊ शकते. फवारणी अटळच असेल, तर माश्या पेटीत परतल्यावर, संध्याकाळी उशिरा आणि वारा शांत असताना करावी. मात्र काही औषधांचा विषारी अंश पानाफुलांवर अनेक दिवस टिकतो. त्यांच्या बाबतीत संध्याकाळची वेळ पाळूनही उपयोग होत नाही.

पेट्यांचे दरवाजे बंद करून ठेवणे हा उपाय फार थोड्या वेळापुरताच चालतो. अळ्यांच्या भागात सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान राखण्यासाठी माश्यांना पाणी आणि खेळती हवा लागते, आणि उन्हाळ्यात बंद पेटीत वसाहत गुदमरून मरू शकते. पेट्या आधीच हलवणे अधिक सुरक्षित ठरते. यासाठी मधपाळाला आणि शेजारच्या शेतकऱ्यांना किमान दोन दिवस आधी कळवावे. उथळ भांड्यात खडे टाकून स्वच्छ पाणी पेटीजवळ ठेवल्यास माश्या फवारलेल्या शेतातील साचलेल्या पाण्याकडे कमी वळतात.

रानमाश्यांचा विसर पडू नये. त्यांच्यापैकी बहुसंख्य जाती जमिनीत बिळे करतात, म्हणून बांधाचा एखादा उन्हाचा, निचऱ्याचा पट्टा न नांगरता आणि आच्छादनाविना ठेवावा.

फुलोऱ्याच्या काळात पेटीच्या दारासमोर पांढरे कापड अंथरून मेलेल्या माश्या रोज मोजाव्यात. सशक्त वसाहतीत दिवसाला शंभरापर्यंत माश्या मरणे स्वाभाविक आहे. संख्या एकदम कित्येक पटींनी वाढली, माश्या थरथरत जमिनीवर गोल फिरताना दिसल्या किंवा मेलेल्या माश्यांची सोंड बाहेर आलेली आढळली, तर विषबाधेचा दाट संशय घ्यावा. मात्र पोळ्याच्या षटकोनी घरांत डोके खुपसून मेलेल्या माश्या बहुधा उपासमारीने मेलेल्या असतात. विषबाधेचा संशय असल्यास ताज्या मृत माश्या लगेच स्वच्छ डब्यात भरून गोठवाव्यात, दिनांक, वेळ आणि आसपास झालेल्या फवारण्यांची नोंद त्यासोबत ठेवावी, आणि नमुना अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेकडे लवकरात लवकर पाठवावा, कारण उन्हात पडून राहिलेल्या माश्यांमधील विषाचा अंश झपाट्याने कमी होतो.