योनीचा वास बदलला तर: बॅक्टेरियल व्हजायनोसिस कसं ओळखावं आणि पुढे काय करावं

अंगावरून थोडं पांढरं जाणं आणि त्याला हलका आंबूस वास असणं हे निरोगी योनीचंच लक्षण आहे. योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे आतला पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; आम्ल जास्त तितका तो कमी) साधारण 3.8 ते 4.5 राहतो. पाळीनंतर, घाम आल्यावर किंवा संबंधानंतर वास एखाद-दोन दिवस वेगळा येतो आणि आपोआप पूर्ववत होतो. अशा वेळी काहीच करायचं नसतं.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही, झाल्यावर हे लॅक्टोबॅसिलस घटतात. त्यांची जागा गार्डनेरेला, प्रीव्होटेला असे कमी ऑक्सिजनमध्ये फोफावणारे जिवाणू घेतात आणि पीएच 4.5 च्या वर सरकतो. या जिवाणूंमुळे ट्रायमिथाइलअमाइनसारखी संयुगं तयार होतात. शिळ्या मासळीला येणारा वासही त्याच संयुगाचा. आम्ल असेल तोवर ती स्रावातच विरघळून राहतात, आम्ल कमी झालं की वायू होऊन उडतात. वीर्य आणि रक्त दोन्ही किंचित अल्कधर्मी असतात, म्हणून संबंधानंतर लगेच किंवा पाळीच्या दिवसांत हा वास एकदम उग्र होतो. बीव्हीची ही सर्वांत बोलकी खूण.

आधी आतून धुणं थांबवा

वास आला की पहिला हात साबणाकडे जातो, आणि तिथेच बिनसतं. योनीच्या आत पाण्याचा फवारा मारला किंवा सुगंधी वॉश वापरला की उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही वाहून जातात. चार तास बरं वाटतं, मग वास परत येतो, मग पुन्हा धुणं. बाहेरचा भाग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुतला तरी पुरे. योनीत दही, लसूण किंवा व्हिनेगर घालू नका. आम्ल कमी झालंय तर आम्ल घालावं, हा तर्क वरवर बरोबर वाटतो; पण हे जिवाणू योनीच्या भिंतीला चिकट थर करून बसलेले असतात आणि घरगुती उपायांनी तो थर हटत नाही.

तीन-चार दिवस नीट पाहा

चड्डीवरच्या स्रावाचा रंग, पोत, वासाची वेळ आणि खाज आहे की नाही, एवढं टिपून ठेवा. बीव्हीचा स्राव पातळ, एकसारखा, राखाडीसर पांढरा असतो, दुधाचा हात फिरवल्यासारखा. खाज बहुधा नसते किंवा थोडी असते. घट्ट, दह्याच्या चोथ्यासारखा स्राव, जबरदस्त खाज आणि वास जवळपास नाहीच, असं असेल तर कॅन्डिडा बुरशीचा संशय घ्यावा. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव, जळजळ आणि वासही असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संशय घ्यावा. हा संबंधातून पसरतो आणि जोडीदारालाही औषध लागतं. सडल्यासारखा भयंकर वास अचानक सुरू झाला तर आत टॅम्पॉन विसरला गेलाय का, ते आधी तपासा.

इथे एक चूक वारंवार होते: पांढरं जातंय म्हणजे बुरशीच, असं धरून दुकानातून बुरशीचं औषध आणलं जातं. बीव्हीवर ते लागू पडत नाही आणि आठवडा वाया जातो.

पीएच पट्टीने घरी पाहायचं असेल तर

1 ते 14 अशी मोघम पट्टी कामाची नाही. 4 आणि 5 मधला फरक स्पष्ट दाखवणारी, साधारण 3.5 ते 5.5 दरम्यान बारीक टप्पे असलेली पट्टी घ्या. हात धुऊन कोरडे करा. स्वच्छ कापसाची काडी दोन-तीन सेंटीमीटर आत नेऊन योनीच्या बाजूच्या भिंतीवर फिरवा. फार खोल जाऊ नका, कारण गर्भाशयमुखाजवळचा चिकट स्राव मुळात आम्लधर्मी नसतो आणि आकडा फसवा येतो. काडी पट्टीवर टेकवा आणि पाकिटावर दिलेल्या वेळेत उजेडात रंग जुळवून पाहा. रक्त जात असताना किंवा संबंध, वंगण, क्रीम यांना दोन दिवस उलटायच्या आत ही चाचणी करू नका. रजोनिवृत्तीनंतर पीएच एरवीही चढलेला असतो, तेव्हा तिचा उपयोग नाही.

आकडा 4.5 किंवा खाली आला तर बीव्हीची शक्यता कमी. वर आला तर बीव्हीही असेल, ट्रायकोमोनासही असेल. पट्टी त्यातला फरक सांगत नाही.

तपासणीत काय होतं

डॉक्टर स्रावाचा नमुना घेतात. 1983 पासून वापरात असलेल्या अॅम्सेल निकषांप्रमाणे चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तर बीव्ही धरतात: पातळ एकसारखा स्राव, 4.5 पेक्षा जास्त पीएच, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच उठणारा मासळीचा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या क्लू सेल. निरोगी पेशीची कड स्वच्छ रेखीव असते. क्लू सेलची कड जिवाणूंनी भरून गेल्यामुळे पिठीसाखर भुरभुरल्यासारखी दिसते. बीव्ही असलेल्या कित्येक जणींना काहीच त्रास होत नाही, आणि त्रास नसेल तर सहसा औषधही लागत नाही.

औषध

नेहमीचे पर्याय तीन: मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, 7 दिवस; 0.75 टक्के मेट्रोनिडॅझोल जेल रोज 5 ग्रॅम योनीत, 5 दिवस; किंवा 2 टक्के क्लिंडामायसिन क्रीम झोपताना 5 ग्रॅम, 7 दिवस. निवड डॉक्टरांवर सोडा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. क्लिंडामायसिन क्रीममधल्या तेलामुळे लॅटेक्स कंडोम कमकुवत होतो. उपचार चालू असताना आणि नंतर 5 दिवस त्यावर विसंबू नका. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या अर्धवट सोडू नका.

ताप, ओटीपोटात दुखणं, पाळी नसताना किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्त जाणं, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काही असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका, लगेच दाखवा. गरोदरपणात वास बदलला तरी लवकर तपासून घ्या, कारण बीव्हीचा संबंध वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीशी दिसून आला आहे.

परत परत होत असेल तर

बीव्ही उलटण्यात वाकबगार आहे. बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना वर्षभरात पुन्हा होतो. अशा वेळी डॉक्टर मेट्रोनिडॅझोल जेल आठवड्यातून दोनदा, काही महिने देतात. बोरिक अॅसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूलही कधी सुचवल्या जातात. ते पोटात गेलं तर विषारी आहे आणि गरोदरपणात चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने वापरू नये. तांबी बसवलेली असेल किंवा धूम्रपान करत असाल तर तेही सांगा, दोन्हींचा बीव्हीशी संबंध आढळतो.

कायमचा पुरुष जोडीदार असेल तर त्याच्या उपचाराबद्दल मुद्दाम विचारा. पूर्वी त्याची गरज नाही असंच सांगत. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जोडीदारालाही 7 दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं, तेव्हा 12 आठवड्यांत बीव्ही उलटण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. दोघांनी औषध एकाच आठवड्यात घ्यायचं आणि ते संपेपर्यंत संबंध टाळायचा.