थंडीत सुरू होऊन लगेच बंद पडणारी डिझेल गाडी: आधी हवा शोधा

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा आठ-दहावर उतरला की गोंदिया-भंडाऱ्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, फाटकाबाहेर निघेपर्यंत बंद पडते, मग कितीही सेल्फ मारा, उचलत नाही. दहा वाजता ऊन पडलं की मुकाट चालू. ‘डिझेल गोठलं’ असं निदान करून सगळे मोकळे होतात आणि बहुतेकदा ते चुकतं.

भारतीय मानक १४६० प्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकलं जाणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. बाकीच्या महिन्यांत ही मर्यादा १८ अंश आहे. म्हणजे डिसेंबरात पंपावर भरलेलं डिझेल आपल्याकडच्या थंडीला सहसा पुरतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश झाले होते, तशी रात्र विरळाच. संशय घ्यायचाच तर शेतातल्या ड्रमावर घ्या. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरसाठी आणलेलं ते उन्हाळी डिझेल असतं. पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर घेऊन रात्रभर अंगणात ठेवा. सकाळी गढूळ दिसलं तर बाटली कोमट पाण्यात धरा. निवळलं तर थंडीत डिझेलमधून सुटलेलं मेण होतं. खाली थेंब जमले तर पाणी.

गाडीपाशी आल्यावर पहिलं काम धुराकडे बघायचं. सेल्फ मारताना पांढरा, डिझेलचा वास असलेला धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग (सुरू करण्याआधी इंजिनातली हवा तापवणारे), बॅटरी, कॉम्प्रेशन तपासा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. सुरू होऊन दहा सेकंद ते मिनिटभरात बंद पडणारी गाडी जवळपास नेहमी या दुसऱ्या गटातली असते.

कारण सरळ आहे. फिल्टर आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होतं, ते संपलं की मागून हवेचा बुडबुडा येतो. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते (टाकीतच विजेचा पंप असलेल्या गाड्या सोडून), म्हणून तिथली चीर डिझेल बाहेर सांडत नाही, बाहेरची हवा आत घेते. जमीन कोरडी दिसली म्हणून लाइन चांगली असं धरू नका. थंडीत जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग कडक होऊन आक्रसतात, डिझेल थोडं घट्ट झाल्याने ओढही वाढते. उन्हाने रबर नरम पडलं की गळती आपोआप मिटते, आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत गाडी ठणठणीत. कुटाराच्या ढिगाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेला पाइपही शोधा.

तपासणी अशी करा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी क्लिप लावून बसवा. रात्रभर गाडी उभी राहू द्या, सकाळी सेल्फ मारताना नळीकडे बघा. सुरुवातीचे चार बारीक बुडबुडे चालतात; सलग फेस येत राहिला तर हवा शिरतेय. मग फिल्टरच्या इनलेटचा पाइप काढून तिथे थेट स्वच्छ डिझेलच्या पाच लिटर कॅनमधून नळी जोडा. कॅन फिल्टरपेक्षा उंच ठेवा, रिटर्न पाइपला हात लावू नका. आता फेस थांबला तर दोष टाकी ते फिल्टर या पट्ट्यात; तरीही येत असेल तर फिल्टरची सील, हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) किंवा त्यापुढचे जोड बघा. प्रायमरचं रबर तडकलेलं असणं ही फार नेहमीची गोष्ट. पाइप बदलताना क्लिपही नव्या घ्या, तारेने आवळलेला जोड पुढच्या थंडीत पुन्हा हवा घेईल.

हवा काढायची ती प्रायमर कडक लागेपर्यंत दाबून, फिल्टरच्या ब्लीड स्क्रूतून. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायची पद्धत आहे, पण कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जोरदार दाबाने डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. बारीक धार कातडीत घुसते आणि बोट गमावायची वेळ येते.

पाइप बदलण्याआधी फिल्टरच्या बुडाचा कॉक उघडून शंभर-दोनशे मिली डिझेल काचेच्या बाटलीत काढा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. हिवाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्री आतून घाम धरते, तेव्हा मुक्कामाला टाकी भरलेली बरी. फिल्टर काळा, चिकट झाला असेल तर किलोमीटर न मोजता बदला.

पांढऱ्या धुराच्या गटात हीटर प्लग पहिला. जुन्या इंडिका-सुमोच्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं, त्यामुळे थंडीत प्लगशिवाय ती नीट उचलत नाहीत. प्लगची तार काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावा. पेटला नाही तर प्लग उडाला. सगळे प्लग चांगले असूनही ते तापत नसतील तर रिले आणि फ्यूज बघा. बॅटरी रात्रीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर तीच दोषी.

कॉमन रेल गाडीत एक फुकटची तपासणी असते. रात्रभर थंड झालेल्या गाडीला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावा, इंजिन सुरू न करता कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही तीन-चार अंशांच्या फरकाने जुळायला हवीत. हवा ११ आणि कूलंट ६५ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. संगणक इंजिन गरम समजून कमी डिझेल देतो आणि गाडी आयडलला दम तोडते. आयडलला बंद पडताना काळा धूर असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) कार्बनने उघडा अडकला आहे का ते बघा.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, रॉकेलने तो खरवडला जातो आणि लोखंडी कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो. हीटर प्लगच्या गाडीत हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर तो स्फोटासारखा पेटतो. टाकीखाली शेकोटी तर नाहीच. मेणाची शंका असेल तर फिल्टरवर कापड गुंडाळून गरम पाणी ओता, वायरिंग वाचवून. पाच मिनिटांत गाडी चालली तर ते डिझेल काढून टाका आणि पंपावरचं ताजं भरा.